बडोद्यातील मिळकत आणि परदेशातील सही : मुखत्यारपत्र कसे करावे

मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी), म्हणजे आपल्या वतीने काम करण्याचा दुसऱ्याला दिलेला लेखी अधिकार, करायचे ठरले की बहुतेक कुटुंबे सहीपासून सुरुवात करतात. न्यू जर्सीत राहणारा मुलगा जवळच्या नोटरीकडे जातो, कुठल्यातरी नमुन्यावर सही करतो आणि कागद कुरिअरने बडोद्याला पाठवतो. येथे सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत तो कागद परत केला जातो, कारण त्यात मिळकतीचा सिटी सर्व्हे क्रमांक नसतो, किंवा विक्रीचा अधिकार असतो पण दस्त नोंदणीस हजर करण्याचा नसतो. मग पुन्हा मसुदा, पुन्हा नोटरी आणि पुन्हा कुरिअर. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की हे काम शेवटच्या टोकाकडून सुरू करावे. हा कागद कोणकोणत्या कचेरीत दाखवायचा आहे आणि तेथे मुखत्याराने नेमके काय करायचे आहे, हे आधी लिहून काढावे. त्यावरून मसुदा करावा आणि सही सर्वांत शेवटी करावी.

समजा, दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात वडिलोपार्जित घर आहे. वडील वारले. एक मुलगा न्यू जर्सीत, मुलगी टोरांटोत आणि धाकटी बहीण बडोद्यातच आहे. घर विकायचे आहे आणि त्याच घरातील भाडेकरूशी दिवाणी दावाही चालू आहे. आपल्याकडच्या अनेक मराठी कुटुंबांची स्थिती थोड्याफार फरकाने अशीच असते, म्हणून पुढील विवेचन हे उदाहरण समोर ठेवून केले आहे.

मसुदा बडोद्यातच करावा

मसुदा येथील वकिलाकडून करून घ्यावा आणि तो परदेशी पाठवावा. परदेशातील नोटरी सही करणाऱ्याची ओळख आणि सही यांची खातरजमा करतो. मजकूर बडोद्याच्या कचेरीत चालेल की नाही हे पाहणे त्याचे काम नाही.

मुखत्यारपत्राचा अर्थ न्यायालये काटेकोरपणे लावतात. जो अधिकार शब्दांत दिलेला नाही, तो मुखत्याराला आपोआप मिळत नाही. 'माझ्या वतीने सर्व कामे करावीत' असे एक वाक्य लिहून भागत नाही. आपल्या उदाहरणात पुढील अधिकार स्वतंत्रपणे लिहावे लागतील : पेढीनामा (वारसांची वंशावळ) करून घेणे, सिटी सर्व्हे कचेरीत वारसाईची नोंद करवून प्रॉपर्टी कार्डावर नावे चढवणे, महानगरपालिकेचा मिळकत वेरा (कर) भरणे आणि नाव बदलून घेणे, वीज कंपनीकडील जोडणीसंबंधी अर्ज करणे, बानाखत (विक्रीचा करार) आणि विक्रीदस्त यांवर सही करणे, दस्त सब-रजिस्ट्रारसमोर हजर करून त्याची कबुली देणे, आणि घराचा ताबा देणे.

बडोद्याच्या बाबतीत आणखी एक अधिकार हमखास राहून जातो. जुन्या शहराच्या बऱ्याच भागांना १९९१ चा अशांत विस्तारासंबंधीचा, म्हणजे अशांत घोषित केलेल्या भागांसंबंधीचा, कायदा, ज्याला आपण सारे 'अशांत धारा' म्हणतो, तो लागू आहे. अशा भागातील स्थावर मिळकतीच्या हस्तांतरणाला कलेक्टरची आगाऊ परवानगी लागते. त्यासाठी अर्ज करणे, जबाब देणे, प्रतिज्ञापत्र करणे आणि निर्णय विरुद्ध गेल्यास अपील करणे हे अधिकार मुखत्यारपत्रात स्पष्टपणे लिहावेत. दस्त तयार आहे, खरेदीदार तयार आहे, आणि परवानगीच्या अर्जावर सही करण्याचा अधिकारच कोणाकडे नाही, असा खोळंबा एका ओळीने टळतो.

मिळकतीचे वर्णन प्रॉपर्टी कार्डावर जसे आहे तसेच उतरवावे : विभाग, सिटी सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा. नावांकडे त्याहून अधिक लक्ष द्यावे. जुन्या नोंदींत आपल्या मंडळींची नावे 'राव' आणि 'बाई' लावून लिहिलेली असतात, गुजरातच्या पद्धतीप्रमाणे आडनाव पुष्कळदा आधी येते, आणि पासपोर्टावर मात्र तीच व्यक्ती वेगळ्या क्रमाने, वेगळ्या स्पेलिंगने, विवाहित मुलगी असेल तर वेगळ्याच आडनावाने उभी असते. मुखत्यारपत्रात पासपोर्टावरील नाव मुख्य धरावे, त्यापुढे 'ऊर्फ' घालून नोंदीतील नाव लिहावे, आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र त्याच वेळी, त्याच अधिकाऱ्यासमोर करून घ्यावे. ते मागून करायचे म्हटले तर संपूर्ण फेरी नव्याने करावी लागते.

भाषेबाबत एक व्यावहारिक सूचना. येथील कचेऱ्यांचे कामकाज गुजरातीत चालते, आणि परदेशातील अधिकाऱ्याला ज्या कागदावर शिक्का मारायचा आहे तो त्याला वाचता आला तर काम सुरळीत होते. म्हणून मुखत्यारपत्र इंग्रजीत करावे आणि येथे गरज भासल्यास त्याचा गुजराती अनुवाद जोडावा.

अधिकार जसे लिहायचे, तशा मर्यादाही लिहायच्या. मुखत्याराने मिळकत स्वतःला किंवा स्वतःच्या नातलगाला विकू नये, बक्षीस देऊ नये, गहाण ठेवू नये आणि ठरावीक किमतीखाली विकू नये, ही वाक्ये नात्यात कटुता आणत नाहीत. उलट पुढे शंका घ्यायला जागा राहत नाही. विक्रीची रक्कम थेट मालकाच्या एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या रुपयांतील) खात्यात जमा व्हावी, असे लिहावे. हिशेब देणे हे मुखत्याराचे कर्तव्य करार कायद्यातच आहे, आणि त्याच कायद्यानुसार त्याला आपला अधिकार सहसा परस्पर दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. तरीही दोन्ही गोष्टी मसुद्यात शब्दांत असाव्यात. एका कामासाठी एकच मुखत्यारपत्र, म्हणजे खास मुखत्यारपत्र, हाच मार्ग मी सुचवीन. 'सर्व मिळकती, सर्व कामे' असे कुलमुखत्यारपत्र सोयीचे दिसते, पण पुष्कळ तंट्यांचे मूळ त्यातच असते.

मुलगा आणि मुलगी वेगवेगळ्या देशांत असतील तर दोघांनी एकाच कागदावर सह्या करण्याचा खटाटोप करू नये. मजकूर तोच ठेवून दोन स्वतंत्र मुखत्यारपत्रे करावीत. मुखत्याराचा, म्हणजे येथे बहिणीचा, फोटो आणि नमुना सही मसुद्याला जोडूनच कागद परदेशी पाठवावा.

मुखत्यार कोणाला नेमावे

वय, प्रकृती आणि बडोद्यातील उपस्थिती या तीन गोष्टी नात्याच्या जवळिकीपेक्षा महत्त्वाच्या आहेत. कोठीच्या सरकारी कचेरीत तासन्‌तास थांबणे ऐंशी वर्षांच्या काकांना झेपत नाही. मिळकतीचा दलाल, बिल्डर किंवा खुद्द खरेदीदार यांना मुखत्यारपत्र देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे, की मुखत्यारपत्राच्या आधारे केलेल्या तथाकथित विक्रीने मालकी हस्तांतरित होत नाही, आणि त्यासाठी नोंदणीकृत विक्रीदस्तच लागतो. त्यामुळे 'पैसे घ्या आणि पावर लिहून द्या' असा प्रस्ताव कोणी आणला तर तो नाकारावा.

परदेशातील सही

नोंदणी कायदा, १९०८ याच्या कलम ३३ नुसार भारतात न राहणाऱ्या व्यक्तीचे मुखत्यारपत्र नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी, भारतीय वाणिज्य दूत किंवा केंद्र सरकारचा प्रतिनिधी यांच्यासमोर केलेले आणि त्यांनी साक्षांकित केलेले असावे लागते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३, जो १ जुलै २०२४ पासून लागू आहे, त्यातही अशा साक्षांकित मुखत्यारपत्राला ते योग्य रीतीने केल्याच्या गृहीतकाचे संरक्षण आहे. व्यवहारात यातून दोन वाटा निघतात.

पहिली वाट भारतीय वकिलातीची, म्हणजे तेथील भारतीय दूतावासाची किंवा वाणिज्य दूतावासाची. वेळ घेऊन पासपोर्ट, फोटो, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि बहुधा दोन साक्षीदार यांसह जावे लागते. अनेक ठिकाणी हे अर्ज सेवा संस्थेमार्फत स्वीकारले जातात, म्हणून संबंधित वकिलातीच्या संकेतस्थळावरील सूचना त्याच आठवड्यात पुन्हा वाचून घ्याव्यात. अधिकाऱ्यासमोर जाण्यापूर्वी कागदावर सही करू नये.

दुसरी वाट स्थानिक नोटरी आणि त्यावर अपोस्टिल अशी आहे. अपोस्टिल म्हणजे ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारानुसार दिले जाणारे प्रमाणपत्र. नोटरीची सही व शिक्का खरे आहेत एवढेच ते सांगते, मजकुराविषयी काहीही सांगत नाही. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. अमेरिकेत अपोस्टिल त्या त्या राज्याचा सक्षम अधिकारी देतो : न्यू जर्सीत हे काम राज्याच्या कोषागार विभागाकडे आहे, तर न्यूयॉर्कमध्ये नोटरीची सही आधी काउंटी क्लार्ककडून प्रमाणित करून घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये परराष्ट्र खात्याची कचेरी ते देते. कॅनडा या करारात ११ जानेवारी २०२४ पासून आला, त्यामुळे टोरांटोच्या मुलीलाही आता ही वाट मोकळी आहे. संयुक्त अरब अमिराती मात्र या करारात नाही. तेव्हा दुबईत किंवा अबुधाबीत राहणाऱ्यांनी सरळ भारतीय वकिलातीत जावे.

दोन्हींपैकी कोणती वाट घ्यावी? स्थावर मिळकतीची विक्री असेल आणि वकिलात आवाक्यात असेल, तर मी वकिलातीच्या बाजूने मत देईन, कारण भारतीय शिक्का येथील कर्मचाऱ्याला पाहताक्षणी ओळखू येतो. वकिलात विमानप्रवासाच्या अंतरावर असेल, किंवा कागद केवळ न्यायालयीन कामासाठी हवा असेल, तर नोटरी आणि अपोस्टिल पुरेसे आहे. संबंधित सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत आधी विचारून घ्यावे आणि मगच निर्णय करावा.

आणि मुलगा डिसेंबरात घरी येणारच असेल, तर या साऱ्या खटाटोपाची गरज पुष्कळदा नसते. त्याने येथेच सब-रजिस्ट्रारसमोर मुखत्यारपत्र करून नोंदवावे. त्यासारखा निर्धोक मार्ग दुसरा नाही.

कागद बडोद्यात पोहोचल्यावर

मूळ प्रतच पाठवावी. स्कॅन केलेल्या प्रतीवर कोणतीही कचेरी दस्त स्वीकारणार नाही. कुरिअरचे पाकीट आणि पोहोच मिळाल्याची पावती फेकू नये, त्यांची तारीख मोलाची असते. गुजरात मुद्रांक कायदा, १९५८ याच्या कलम १८ नुसार राज्याबाहेर केलेला दस्त राज्यात पहिल्यांदा हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरता येते. ही मुदत सहीच्या तारखेपासून मोजली जात नाही, आणि कागद केव्हा आला हे सिद्ध करण्याचे साधन म्हणजे ते पाकीटच. शुल्क किती लागेल हे मुखत्याराला काय अधिकार दिले आहेत यावर, विशेषतः विक्रीचा अधिकार आहे का यावर अवलंबून असते. ते अधिकृत अभिनिर्णयाने, म्हणजे मुद्रांक अधिकाऱ्याच्या निर्णयाने, ठरवून घ्यावे, वकिलाच्या अंदाजावर ठेवू नये. अपुऱ्या मुद्रांकाचा कागद पुराव्यात घेतला जात नाही, आणि दंड भरून तो सुधारण्याची वेळ नेमकी दाव्याच्या ऐन मध्यावर येते.

स्थावर मिळकतीच्या हस्तांतरणाचा अधिकार असलेले मुखत्यारपत्र नोंदवूनही घ्यावे. नोंदणी कायद्याच्या कलम २६ खाली परदेशात केलेला दस्त भारतात आल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी सादर करता येतो. तीन महिने मुद्रांकाचे आणि चार महिने नोंदणीचे, या दोन मुदती घरातील एका माणसाने लिहून ठेवून सांभाळाव्यात.

पुढे प्रत्यक्ष विक्रीदस्ताच्या दिवशी मुखत्यारपत्र देणारा हयात आहे आणि त्याने ते रद्द केलेले नाही, याचे प्रतिज्ञापत्र सहसा मागितले जाते. परदेशातून हयातीचा अलीकडचा दाखला आधीच मागवून ठेवल्यास ऐन वेळी धावपळ होत नाही.

न्यायालयात मुखत्यार काय करू शकतो

भाडेकरूच्या दाव्यात बहीण भावाच्या वतीने हजर राहू शकते, अर्ज करू शकते, दाव्यावर आणि वकीलपत्रावर सही करू शकते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तिसऱ्या आदेशात तशी तरतूद आहे. युक्तिवाद मात्र वकिलानेच करायचा असतो. तडजोड करणे, दावा मागे घेणे, अपील करणे, हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणे आणि न्यायालयात जमा झालेली रक्कम उचलणे हे अधिकार वेगवेगळे लिहावेत. तडजोडीचा अधिकार द्यायचा की नाही, हा घरात बसून ठरवण्याचा प्रश्न आहे, तो टंकलेखकाच्या नमुन्यावर सोडू नये.

साक्षीच्या बाबतीत फार मोठा गैरसमज आढळतो. जानकी वाशदेव भोजवानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले, की मुखत्याराने स्वतः जी कामे केली त्यांविषयी तो साक्ष देऊ शकतो, परंतु जे केवळ मालकाच्या वैयक्तिक माहितीतले आहे त्याविषयी मालकाच्या जागी उभा राहून साक्ष देऊ शकत नाही. भाडेकरूशी बोलणे वडिलांनी आणि मुलाने केले असेल, तर साक्ष मुलालाच द्यावी लागेल. न्यायालयाच्या परवानगीने ती दृक्-श्राव्य माध्यमातून देता येऊ शकते, त्यासाठी वकिलाने वेळीच अर्ज करावा.

मुखत्यारपत्र केव्हा संपते

भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याचे मानसिक भान हरपले, तर मुखत्याराचा अधिकार संपतो. अमेरिकेतील 'ड्युरेबल' आणि इंग्लंडातील 'लास्टिंग' मुखत्यारपत्रे देणाऱ्याचे भान गेल्यावरही चालू राहू शकतात, म्हणून परदेशातील मुलांना आपल्याकडेही तसेच असेल असे वाटते. तसे नाही. आईला स्मृतिभ्रंश झाल्यावर तिने पूर्वी दिलेल्या मुखत्यारपत्रावर बडोद्यातील घर विकता येणार नाही, मग त्यासाठी न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो. ज्यांचे आईवडील वृद्ध आहेत त्यांनी ही गोष्ट पुढच्या भेटीवर ढकलू नये.

हयातीत रद्द करायचे असल्यास रद्दपत्र लिहून, मूळ जेथे नोंदवले तेथेच ते नोंदवावे, मुखत्याराला लेखी नोटीस द्यावी, बँक, सिटी सर्व्हे कचेरी व वकील यांना प्रत पाठवावी आणि स्थानिक गुजराती दैनिकात जाहीर नोटीस द्यावी. रद्द झाल्याचे समोरच्याला कळेपर्यंत त्याने सद्भावनेने केलेल्या व्यवहाराला कायद्याचे संरक्षण मिळू शकते, म्हणून कळवल्याचा पुरावा जपणे आवश्यक आहे.

बडोद्यातून परदेशासाठी

उलट्या दिशेचे कामही आता वाढले आहे. अमेरिकेत भाऊ वारला, तेथे त्याचे घर आणि खाते आहे, आणि वारस बडोद्यात आहेत. येथे मयत भावाने पूर्वी दिलेले मुखत्यारपत्र उपयोगाचे नाही, कारण ते त्याच्याबरोबरच संपले. वारसाने स्वतःच्या वतीने तेथील वकिलाला अधिकार द्यायचा असतो, आणि कित्येकदा मुखत्यारपत्राऐवजी केवळ संमतीपत्र किंवा हक्कत्यागाचा ठरावीक नमुना पुरतो. म्हणून मसुदा तेथील वकिलाकडूनच मागवावा. अमेरिकेत दर राज्याचा कायदा निराळा आहे : न्यूयॉर्कमध्ये १३ जून २०२१ पासून मुखत्यारपत्राला नोटरीबरोबर दोन साक्षीदारही लागतात.

मसुदा आल्यावर येथील नोटरीसमोर सही करावी, नंतर राज्य सरकारच्या स्तरावर, म्हणजे गांधीनगरला गृह विभागाकडून, साक्षांकन करून घ्यावे आणि शेवटी परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल घ्यावे. मंत्रालयाने २०१९ पासून हे काम दिल्लीबाहेरही सोपवले आहे आणि त्यात अहमदाबादचा समावेश आहे. कागद मात्र नेमलेल्या सेवा संस्थांमार्फतच द्यावे लागतात. अपोस्टिलचे सरकारी शुल्क प्रति कागद ५० रुपये आहे, संस्थेचे सेवाशुल्क वेगळे असते. एखाद्या दलालाने याच कामाचे अव्वाच्या सव्वा पैसे सांगितले, तर बाबवार पावती मागावी.

अमेरिकेतील कामासाठी मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात वेळ घेऊन नोटरी करण्याचीही सोय आहे. तेथे प्रत्येक शिक्क्याला ५० डॉलर लागतात, सही अधिकाऱ्यासमोरच करावी लागते आणि पुढे अपोस्टिलची गरज उरत नाही. घाई असेल आणि कागद एकदोनच असतील, तर बडोद्याहून सकाळची गाडी पकडून हे काम करून यावे, असेच मी सुचवीन. अमिरातीसाठी मात्र परराष्ट्र मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर त्यांच्या दूतावासाचे, आणि तेथे पोहोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन घ्यावे लागते, शिवाय मान्यताप्राप्त अनुवादकाकडून अरबी अनुवादही करावा लागतो. या साखळीला लागणारा वेळ गृहीत धरून तेथील वकिलाकडून न्यायालयाची तारीख आधीच लांबवून घ्यावी.